जांभळे आर्म आणि एक बुजवलेलं भोक

गाडी लिफ्टवर होती, मागची दोन्ही चाकं काढलेली होती आणि निनाद हट्टाला पेटला होता.

“जांभळेच लाव. पिवळ्या गाडीला दुसरं काही शोभणार नाही.”

“शोभेसाठी स्टिकर असतात,” मी म्हटलं. “हे आर्म चाक धरून ठेवतात.”

मी घाटकोपरच्या एका गॅरेजात सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करते. निनाद पार्ल्याचा, नोकरी आयटीत. इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी एक जुनी जपानी गाडी त्याने ड्रिफ्टसाठी तयार करायला घेतली होती. ड्रिफ्ट म्हणजे गाडीची मागची बाजू मुद्दाम घसरवायची आणि गाडी तिरकी ठेवूनच वळण घ्यायचं. हे रस्त्यावर करणाऱ्यांची गाडी मी लिफ्टवर घेत नाही. रस्ता शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांचाही आहे. निनाद मात्र गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून शहराबाहेरच्या बंद मैदानावर नेतो, म्हणून आमचं जमतं. येत्या रविवारी तिथे प्रॅक्टिस होती. आणि शेजारच्या सीटवर बसणार होती त्याची आई.

सुधाकाकू बँकेतून रिटायर झालेल्या, आता सोसायटीच्या सेक्रेटरी. पोरगा नक्की काय उद्योग करतो ते एकदा बसूनच बघायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आत्ताही त्या लिफ्टशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

“मला आधी सांग, आर्म म्हणजे काय? मला तर नुसत्या सळया दिसताहेत.”

“सळयाच आहेत, काकू. मागचं प्रत्येक चाक अशा तीन-चार दांड्यांनी गाडीला बांधलेलं असतं. एकेक दांडी चाकाचा एकेक कोन ठरवते. चाक वरून आत झुकलंय की बाहेर, त्याला कॅम्बर म्हणतात. चालताना पाय आत वळतात की फेंगडे पडतात, तसं चाकाचं म्हणजे टो.”

“मग याचं काय बिघडलंय?”

“त्याने गाडीची उंची कमी करून ती खाली बसवली. स्टाइल! त्यामुळे मागची चाकं वरून आत झुकली. टायर फक्त आतल्या काठावर टेकतो. ड्रिफ्ट करताना मागच्या टायरला पकड लागते, आणि इथे अर्धा टायर हवेत.”

“ऐकलंस?” काकू निनादला म्हणाल्या.

कंपनीच्या मूळ आर्मची लांबी बदलता येत नाही. म्हणून बाहेरचे ॲडजस्टेबल आर्म लावतात. मधे पोकळ नळी, तिच्या टोकात आट्यांचा रॉड. आटे म्हणजे स्क्रूवर फिरत जातात त्या खाचा. रॉड बाहेर फिरवला की आर्म लांब होतो. वरचा आर्म लांब केला की चाकाचा माथा बाहेर ढकलला जातो आणि चाक सरळ होतं. मग रॉड जागीच धरून ठेवणारा लॉकनट आवळायचा. एवढंच शास्त्र.

गोची एकच. रॉड जितका बाहेर, तितके आटे आत कमी. आमच्यात साधा नियम आहे: रॉडच्या जाडीच्या दीडपट लांबीचे तरी आटे नळीत अडकलेले हवेत. कमी असतील तर भार आला की आटे सोलून निघतात, रॉड सुटतो आणि चाक आडवं होतं.

मी निनादला आधी काळे आर्म सुचवले होते. स्टीलचे, लांब नळीचे. तो म्हणाला होता, “यार, हे तर बाथरूमचे पाइप वाटतात.” आणि ऑनलाइन जांभळे मागवून मोकळा झाला होता.

मी मोजमाप घेतलं. चाक हवं तेवढं सरळ करायला जांभळ्यांचा रॉड बराच बाहेर काढावा लागत होता. आत किती उरला? ते बघायला चांगल्या आर्मच्या नळीला एक बारीक भोक असतं. त्यात तार घालायची. तार लगेच अडली तर रॉड तिथवर आहे. थेट आत गेली तर नळी पोकळ. मी आर्म फिरवून फिरवून बघितला. भोक नव्हतं.

“भोक नाही. मी लावणार नाही.”

आमचे शेठ परबकाका केबिनमधून बाहेर आले. मूळचे मालवणचे, चिडले की थेट मालवणीत, मग ‘आणणं’चं ‘हाडणं’ होतं. “गो बाय, गिऱ्हायकान हाडल्यान, आपण लावूचा. माल त्येचो, जबाबदारी त्येची.”

“नट मी आवळणार, शेठ. मग जबाबदारी माझी.”

“ट्रक बुक झालाय गं,” निनाद म्हणाला. “आणि भोक आहे. मी ऑर्डर करताना फोटोत बघितलंय. हे बघ.”

त्याने मोबाइल पुढे केला. तोच आर्म, तोच रंग, आणि नळीवर ठळक काळा ठिपका. मी हातातल्या आर्मवर त्याच जागी बोट फिरवलं. किंचित उंचवटा लागला. नखाने खरवडलं. जांभळा पापुद्रा निघाला.

“कोणी बुजवलं हे?”

निनादने खांदे उडवले. खुर्ची करकरली.

“मी,” सुधाकाकू म्हणाल्या. “पार्सल मी उघडलं. बघते तर नव्या कोऱ्या वस्तूला भोक! पावसाचं पाणी जाऊन आतून गंजलं असतं. पुट्टी भरली, आणि वरून नेलपॉलिश लावलं. शेड अगदी मिळती होती.”

“आई!”

“ओरडू नकोस. दर मे महिन्यात गच्चीवरची भोकं बुजवून घेते म्हणून तुझ्या खोलीत पाणी येत नाही.”

परबकाकांना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. ज्या भोकातून धोका दिसला असता, ते त्या सीटवर बसणाऱ्या बाईनेच मायेने बुजवलं होतं.

मी पुट्टी टोकरून काढली, रॉड हव्या त्या लांबीवर ठेवला आणि तार काकूंच्या हातात दिली. “घाला.”

तार अडली नाही. पार नळीच्या पलीकडच्या भिंतीला टेकली.

“म्हणजे आत काहीच नाही?”

“टोकाला दोन-चार आटे आहेत. त्यांच्यावर तुमची सीट.”

निनादने वाकून भोकात डोकावलं. मग म्हणाला, “थोडं कमी सरळ केलं तर?”

“मग टायर पुन्हा काठावर. हे आर्म वाईट असतील असं नाही, पण इतक्या खाली बसवलेल्या गाडीला ते तोकडे आहेत. गाडी थोडी उचल, नाहीतर काळे लाव. तिसरा मार्ग माझ्याकडे नाही. दुसऱ्या गॅरेजात असेल.”

शेवटी परबकाकांनी स्कूटरची किल्ली उचलली. “मुलुंडच्या डीलरकडे काळी जोडी आसा. मी हाडतंय. तू तोपर्यंत चहा पाज काकूंका.”

काळे आले. मी लांबी लावली, तार पुन्हा काकूंच्या हातात. त्यांनी ती भोकात घातली आणि मान वर केली. “अडली. टक् झालं.”

“हेच ऐकायचं होतं.”

आर्म चढले. चाकं जवळजवळ सरळ केली, टो अगदी किंचित आत ठेवला. लॉकनट आवळले. मग मी काकूंकडे हात पसरला. “नेलपॉलिश आहे पर्समध्ये?”

होतं. नट आणि नळी या दोघांवरून मी एक सलग रेघ ओढली. नट ढिला होऊन फिरला तर रेघ तुटते, वाकून बघितलं तरी कळतं. निनादला निदान तेवढा जांभळा रंग मिळाला.

रविवारी मी मैदानावर होते. गाडी गोल गोल घसरत राहिली, टायरच्या धुरात काही दिसेना. थांबली तेव्हा काकू उतरल्या. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर.

“चष्मा जागेवर राहीना,” त्या म्हणाल्या. “पण पोराला येतं हो.”

मग कुणी काही म्हणायच्या आत पदर खोचून त्या मागच्या चाकाशी ओणव्या झाल्या आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

“रेघ जुळत्येय,” त्यांनी मला ओरडून सांगितलं. “चल रे निनाद, अजून एक राउंड.”

तेव्हापासून कुणी आर्म घेऊन आलं की रंग आणि किंमत मी नंतर विचारते. आधी विचारते, आतले आटे बघायची सोय कुठे आहे? सोय नसेल तर आर्म परत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. जे तपासता येत नाही त्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा हक्क ना शेठला आहे, ना मला.

हे मी काकूंनाही ऐकवलं. त्यांना पटलं. “पण गच्चीवरची भोकं मी बुजवणारच,” त्या म्हणाल्या.