चोपणातली वांगी

“दादांना विचारून सांगतो.”

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की चहा घेणार का म्हणून विचारलं तरी आधी तेच बाहेर पडायचं. मग ते स्वतःशीच हसायचे आणि कप हातात घ्यायचे. एकदा कंपनीत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. “खालच्या ओळीतलं अक्षर दिसतंय का?” असं त्यांनी विचारलं, आणि हे अगदी गंभीरपणे म्हणाले, “दादांना विचारून सांगतो.” मागं रांगेत आम्ही उभे होतो. हसू आवरेना.

आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी. ते पॅकिंगला सुपरवायझर, मी लॅबमध्ये. बारामतीहून निघालेली कंपनीची बस सणसरला थांबली की ते चढायचे आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसायचे. निवृत्तीला आलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस; पण डब्यात काय असावं, सुट्टी कधी घ्यावी, मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं, हे सगळं थोरले भाऊ ठरवणार.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आणि माझ्यासारखंच मनात म्हणाला असाल, किती हा धाक! पण तो धाक नव्हता. वडील गेले तेव्हा अप्पा रांगत होते. दादांनी शाळा सोडली, पाण्याच्या पाळ्या धरल्या आणि ह्यांना शिकवलं. “मला बूट आणले तवा दादा अनवाणी व्हते,” अप्पा एकदा सांगत होते. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? दादांनी कधी हात उगारला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. भांडायला काही तरी मिळालं असतं.

जमिनीत निम्मा वाटा अप्पांचा होता, पण तिथं काय लावायचं हा प्रश्नच कधी आला नव्हता. ऊस. आधीही ऊस, नंतरही ऊस. घराच्या चारी अंगांना ऊस, आणि कोथिंबिरीची जुडी आणायची ती आठवडी बाजारातून.

निमगावच्या अलीकडं रस्त्याला लागून कुणाचा तरी भाजीचा तुकडा होता. तो आला की अप्पा बोलता बोलता गप्प व्हायचे. कधी डाव्या बाजूला जागा मिळाली, तर उठून उजवीकडं यायचे, वाकून बघायचे. एक दिवस माझ्याकडं न बघताच म्हणाले, “ताई, मला वांगी लावायची हाईत.”

“मग लावा की.”

पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे.

दिवाळीत मनात आलेली गोष्ट दादांपुढं काढायला शिवरात्र उजाडली. दादांनी ऐकून घेतलं आणि उसाच्या मधला एक तुकडा दाखवला. तिथं जमिनीवर मिठासारखा पांढरा थर यायचा. आमच्याकडं अशा जमिनीला चोपण म्हणतात. ऊस तिथं पिवळा पडायचा, म्हणून ती जागा तशीच पडून होती. “घे तेवढं,” दादा म्हणाले.

शेतकऱ्याच्या घरी जन्मून अप्पांना भाजीतलं काही म्हणता काही येत नव्हतं. त्यांनी धणे न रगडता तसेच अख्खे पेरले आणि रोज जाऊन वाकून बघत बसले. मेथी उगवली तेव्हा गवत समजून अर्धी उपटून टाकली. वांग्याची रोपं भर दुपारी लावली. ती संध्याकाळपर्यंत माना टाकून मोकळी. मग भीतीनं इतकं पाणी घातलं की उरलेली कुजली. रोज सकाळी बसमध्ये त्याचा वृत्तान्त व्हायचा आणि जो तो सल्ला द्यायचा. पपई मात्र जोमात आली. तिला फुलांचे लांबलचक घोस लोंबायला लागले, तेव्हा अप्पांनी मोबाईलवर फोटो काढून सगळ्या बसला दाखवला. ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. “अप्पा, नर हाय ती. जलमभर फुलंल, फळ न्हाय यायचं.”

बस खदखदून हसली. अप्पा फोटोकडं बघत म्हणाले, “फुलतीय तर फुलू दे बिचारी.”

त्यांनी नाद सोडला नाही, ह्याचंच मला नवल वाटायचं. सुट्टीच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ते शेणखत वाहायचे. बांधाबांधानं चर खणून त्यांनी खारं पाणी बाहेर काढलं. दोन्ही तळहातांना घट्टे आले, ते पॅकिंगवाल्या पोरींना दाखवत. आणि श्रावणात एक दिवस त्यांनी बसमध्ये रुमालाची गाठ सोडली. आत एक जांभळं, काटेरी देठाचं वांगं. ते पुढून मागच्या सीटपर्यंत हातोहात फिरलं आणि परत आलं.

“पहिलं दादांना दिलं,” ते म्हणाले. “हे दुसरं.”

“काय म्हणाले दादा?”

“काय न्हाय. पर खाल्लं. भाकरी जरा जास्तच खाल्ली.”

दसऱ्यानंतर मी त्यांचा मळा बघायला गेले. ऊस डोक्याच्या कितीतरी वर गेला होता. एक माणूस जेमतेम जाईल अशा बांधावरून आम्ही आत शिरलो. पाती दोन्हीकडून तोंडावर येत होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता, पुढचंही दिसत नव्हतं आणि मागचंही. मला गुदमरायला झालं. आणि एकदम तो तुकडा समोर आला. चारी बाजूंनी उसाच्या भिंती, मधे वांगी, मिरच्या, थोडा पालक आणि ती फळ न देणारी पपई. विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटत होतं. उन्हाचा पट्टा होता, तोही थोडाच वेळ टिकणारा.

काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, तिथं खुरपत बसल्या होत्या. मी म्हटलं, “काकू, इथं भीती नाही वाटत?”

“भ्या कसलं? हितं मला कुणी हाक मारत न्हाय.” त्यांनी खुरपं खाली ठेवलं. “घरात दीर, जावा, पोरंबाळं, येणारंजाणारं. आमी दोघं बोलतो ते हितं येऊन. ह्यांना गोड आवडत न्हाय, हे मला अवंदा कळलं बगा. इतकी वर्सं मी ह्यांच्या ताटात पुरणाची दुसरी पोळी वाढतीया!”

“तू वाढायचीस, मी खायाचो,” अप्पा म्हणाले.

दोघं हसली. मला वाटलं, आपण उगाच आलो.

हिवाळ्यात उसाला तोड आली. भिंती पडल्या आणि बांधावर उभ्या राहिलेल्या दादांना तो तुकडा पहिल्यांदा उघड्यावर दिसला. वांग्याची झाडं कमरेइतकी, फळांनी वाकलेली. ते आत उतरले, मूठभर माती उचलली, चुरगाळली. मग भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू जमीन सुधारलीस. वांगी आली म्हंजी आता ऊस यील की!”

पुढचं मला काकूंनी सांगितलं. असं कौतुक दादांनी अप्पांचं आयुष्यात केलं नव्हतं. ह्यांचे डोळे भरून आले, म्हणाल्या. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच त्यांनी दादांचं उरलेलं बोलणं ऐकलं. सगळं रान एकसलग करून उसाची नवी लागण करायची. चार दिवसांत ट्रॅक्टर येणार.

ट्रॅक्टर आला तेव्हा काकू वांग्यात उभ्या होत्या. बांधावर दादा, खाली अप्पा. काकू नवऱ्याला म्हणाल्या, “तुमी बोला.”

अप्पांनी बांधाकडं पाहिलं. मग म्हणाले, “दादा म्हणतील तसं.”

काकू खाली वाकल्या आणि वांगी तोडायला लागल्या. मोठी, लहान, बोटाएवढीसुद्धा. पाटी भरली, पदर भरला. त्या बाजूला झाल्यावर ट्रॅक्टर आत गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बसमध्ये सगळ्यांना वांगी वाटली. निमगावचा तो तुकडा आला तेव्हा ते ड्रायव्हरच्या मागच्या दांडीकडं बघत बसले.

काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. “कुणाला कळलंबी न्हाय,” अप्पा पुढं कधीतरी मला म्हणाले. “घरात आमी तसंबी बोलत नव्हतोच. ती गप हाय हे फकस्त मला ठावं.” कंपनीत ते दिवसभर खोकी मोजून घ्यायचे, सह्या करायचे. चहा घेणार का, ह्याला आता फक्त मान हलायची.

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, आमी डाळजला चाललो. हिच्या मामांचं धरणाच्या पाण्याकडंला रान हाय. वाट्यानं करायचं. भाजी, चार पेरूची झाडं.”

मी म्हटलं, “दादांना...”

“सांगितलं.” त्यांनी हारातलं एक फूल खुडलं. “तीनदा वसरीपतुर गेलो आणि माघारी आलो. मग सांगितलं. दादा म्हनले, कुणाला विचारून? मी म्हनलं, हिला.”

“मग?”

“मग म्हनले, तुला काय कमी केलं मी? मी म्हनलं, कायच न्हाय कमी केलं दादा. खरंच न्हाय केलं. पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले न्हाईत, पर डोक्यावर हातबी ठेवला न्हाय.”

एवढं सांगून ते गर्दीत मिसळले.

पावसाळ्यानंतर मी डाळजला जाऊन आले. मोकळं रान, पलीकडं पाणी, पाण्यावर पक्षी. काकू मोठ्यानं बोलत होत्या, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या वावरातला माणूस उत्तर द्यायचा. अप्पा मात्र हायवेवरून मोटारसायकल आत वळली की हातातलं काम थांबवून बघायचे. ती पुढं निघून गेली की परत वाकायचे. “वारं लई सुटतं हितं,” मला म्हणाले. तक्रार होती की काय, कळलं नाही.

दर शनिवारी ते कंपनीच्या गेटवर भाजीची पिशवी ठेवून जायचे. संध्याकाळच्या बसमधून मी ती सणसरला द्यायची. दादांच्या घरातली एखादी सून येऊन घेऊन जायची. निरोप नाही, उलट निरोप नाही. परतीच्या वाटेवर अप्पांच्या खिडकीशी आता ती पिशवीच बसून यायची.

एका शनिवारी सुनेच्या जागी स्वतः दादा आले. मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं, पण मिशा आणि उभं राहण्याची ढब अप्पांचीच. मी खाली उतरून पिशवी दिली. त्यांनी तिथंच तिचं तोंड उघडलं, एक वांगं काढलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“पाणी पुरतं का त्याला तितं?”

“पुरतं.”

“जून झालंय हे,” ते वांग्याकडंच बघत म्हणाले. “सांगा त्याला. कवळं असताना काढायचं.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी चढले. हा निरोप द्यावा की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी फोन केला आणि जसाच्या तसा सांगितला. पलीकडं वारं सुटलेलं ऐकू येत होतं. मग अप्पा म्हणाले, “व्हय. बरोबर हाय त्यांचं.”

पुढच्या शनिवारी मी पिशवी उघडून पाहिली. सगळी वांगी कोवळी होती. काहींच्या टोकाला वाळलेलं फूल तसंच चिकटलेलं. बस सणसरला थांबली, तेव्हा दादा आधीच येऊन रस्त्याच्या कडेला उभे होते.