दंड भरून मोकळे

भावोजी गेल्याचा निरोप मला मुलुंडला शेजाऱ्यांच्या फोनवर आला. मी अंधेरीला पोहोचलो, तर फुटबॉल लीगचा हार माझ्याआधी तिथे हजर. केवढा मोठा! दारातून आत येईना, म्हणून लोकांनी तो जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवला होता. ज्या लीगने या माणसाचं कधी धड ऐकून घेतलं नाही, तिला आता त्याच्यासाठी दारात न मावणारा हार परवडत होता. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या हाराकडे पाहिलंसुद्धा नाही. या गोष्टीला दीडएक महिना झाला... माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं वाटतही नाही.

माधवराव नेरुरकर, माझे भावोजी, विमा कंपनीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात उपनगरांतल्या हौशी फुटबॉल लीगचे मानद चिटणीस. मानद म्हणजे फुकट. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, सगळीकडची धुळीची मैदानं त्यांनी पदरमोड करून पालथी घातली. मॅचला गेले की क्लबचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "भावोजी, एका कपात विकले जाणार आहात का?" असं मी चिडवायचो, तर म्हणायचे, "कपाने नाही रे, सवयीने." लीगचा मुख्य नियम साधा होता. खेळाडूला बूट द्या, जर्सी द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या, पण पगार देऊ नका. एकदा का खेळाडू पैशावर मिळायला लागले, की पैसेवाला सोडून बाकीच्या क्लबांनी टाळंच लावायचं. नियम मोडला तर दंड.

आता या दंडाची गंमत ऐका. साकीनाक्याला एका शेठचा नळ बनवायचा कारखाना होता. आम्ही त्यांना नळशेठच म्हणायचो, खरं नाव घ्यायची मला इच्छा नाही. त्यांचा क्लबही लीगमध्ये होता, आणि त्यांना लीग जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल हवी होती. फुटबॉल त्यांना इतका कळायचा, की स्वतःच्या संघावर गोल झाला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांनी खाडीकाठच्या कोळीवाड्याच्या संघातला सेंटर फॉरवर्ड उचलला आणि कारखान्यात वॉचमन म्हणून लावला. या वॉचमनने कारखान्याचं फाटक कधी पाहिलं नव्हतं. भावोजींनी ते सिद्ध केलं, दंड झाला, शेठनी तिथल्या तिथे खिशातून काढून दिला. मग दोन हाफबॅक उचलले. पुन्हा दंड, पुन्हा खिसा. कमिटीने दंड दुप्पट केला, तर पुढच्या मोसमात पहिली मॅच व्हायच्या आधीच शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन कमिटीसमोर. "वर्षाचा दंड ॲडव्हान्समध्येच घेऊन टाका ना साहेब. दर वेळी तुम्हालाही त्रास, आम्हालाही त्रास." आणि कमिटीने तो घेतला! नुसता घेतला नाही, तर बक्षीस समारंभात लीगचे आश्रयदाते म्हणून शेठना शाल-श्रीफळ दिलं आणि त्याच पैशात श्रीखंड-पुरीची पंगत उठवली. एक वकील, एक हेडमास्तर, एक निवृत्त मामलेदार... सगळे विद्वान बोटं चाटत होते. भावोजी व्हरांड्यात उभे होते.

"ही शिक्षा नाही, हे तिकीट आहे," ते प्रत्येक बैठकीत सांगायचे. "ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने काढावं आणि आत यावं. दंड वाढवलात तर तिकीट महाग होईल, एवढंच. त्यांचे गुण कापा. गुण काही कोणाच्या खिशात नसतात." पालथ्या घड्यावर पाणी. कमिटीला पटणार तरी कसं? दंड बंद झाला असता तर श्रीखंडही बंद झालं असतं.

मग एका वर्षी कमिटीने त्यांचं म्हणणं चक्क मान्य केलं आणि गुण कापायचा नियम झाला. त्या दिवशी भावोजी शीळ घालत जिना चढले, असं ताई सांगते. नव्या नियमाखाली पहिली तक्रार आली ती मात्र नळशेठच्या क्लबकडून, आणि तीही कोळीवाड्याविरुद्ध! तक्रार काय, तर होडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा असतो, आणि मॅचसाठी किनाऱ्यावर राहिलेल्या पोरांनाही कोळीवाडा तो वाटा देतो. म्हणजे हा खेळल्याचा पगारच.

त्या बैठकीला मी मागे उभा होतो. कोळीवाड्याचा कप्तान हिराजी बोलायला उठला. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळत नव्हतं. "साहेब, तापाने पडला तरी त्याच्या घरी वाटा जातो. मॅचला गेला तर काय त्याच्या पोरांनी उपाशी ऱ्हायचं?"

"पण मिळतो ना वाटा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मिळतो तर! नाय कसा मिळनार?"

"झालं. कबूल केलं यांनी."

खोटं बोलायचं असतं हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. भावोजी उठले. "वाटा घराचा असतो, खेळाडूचा नाही. आणि हे तुम्हाला सगळ्यांना समजतंय." समजत होतंच. भराभर हात वर झाले, गुण कापले गेले आणि कोळीवाड्याचा संघ पहिल्या डिव्हिजनमधून खाली गेला. नळशेठच्या वॉचमनचं काय? तर त्यांच्या क्लबला 'ताकीद' मिळाली.

भावोजींनी तिथेच राजीनामा दिला. कोळीवाड्याची चांगली पोरं एकेक करून नळशेठकडे गेली. उरलेल्यांबरोबर भावोजी शेवटपर्यंत दर रविवारी मैदानावर जात राहिले, हरत राहिले. मला ते वेडेपणाचं वाटायचं. आणि नळशेठ? ते लीगचे अध्यक्ष झाले. न होऊन सांगतात कोणाला!

गेल्या आठवड्यात लीगचे हल्लीचे चिटणीस ताईकडे आले. भावोजींच्या नावाने शिस्तीची ढाल ठेवायचं ठरलंय, म्हणाले. सगळा खर्च अध्यक्षांनी स्वतः उचललाय. फक्त एक फोटो हवाय. भिंतीवर एकच फोटो आहे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून भावोजी वाळूत होडीला टेकलेत, दोन्ही बाजूंना हिराजी आणि त्याची पोरं, आणि सगळे खदखदून हसताहेत. चिटणीसांनी चष्मा सावरत तो निरखला.

"हा झकास आहे. बाजूचे सगळे कापून टाकू."

ताई ताडकन उठली. "फोटोला हात लावायचा नाही."

"वहिनी, अहो, प्रत्यक्ष अध्यक्षांची इच्छा आहे. कमिटीचा ठराव झालाय. त्याला नाही म्हणायचं म्हणजे..."

ताई आत गेली आणि पर्स घेऊन बाहेर आली. "म्हणजे दंड होईल ना? किती होतो ते सांगा, आत्ता भरते."

चिटणीसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते चपला शोधायला लागले.