प्रयोगशाळेतली दावण

त्या दिवाळीला मी लिंबागणेशला घरी आले तेव्हाच ठाऊक होतं, पाडव्याच्या दुपारी परतायचं आहे. भाऊबीज दुसऱ्या दिवशी, आणि भाऊ एकच. घरात सांगायला तोंड उघडत नव्हतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी मानवी मूळपेशी वाढवायला शिकत होते. शरीरातल्या कुठल्याही पेशीचं रूप घेऊ शकणाऱ्या या पेशी जगवायला भारी नाजूक. त्यांचा वाढलेला पुंजका नव्या बशीत लावताना मी पेशी न् पेशी सुटी करायची. आमच्याकडे कांद्याचं रोप तसंच एकेक सुटं करून लावतात. हाताला तीच सवय. सकाळी बघावं तर सगळ्या मरून तरंगत असायच्या. शेवटी मार्गदर्शक बाईंनी लहान लहान पुंजके तसेच ठेवायला लावले, आणि दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा माझ्या पेशींनी बशीचा तळ धरला. त्यांचा पोषणद्रव रोज बदलावा लागे. पाडव्यापर्यंत मैत्रीण बघणार होती, मग तीही गावी जाणार होती.

पाडव्याला सकाळी एकदाचं सांगितलं.

"अक्का, त्या पेशी काय तुझ्या सासरच्या हायेत का?" भाऊ फुरंगटून म्हणाला.

"सणासुदीला लेक निघाली. लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

माझे वडील, आबा, गोठ्यात म्हशीची शिंगं रंगवत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "रोज खायाला लागतं त्यायला?"

"रोज, आबा."

"अन् एकटं पाडलं की मरतेत?"

"हो."

"मंग शेळीवानीच हायेत की." मग आईकडे वळून म्हणाले, "दावणीला जनावर उपाशी ठिवून मी कवा मुक्काम केलाय का? हिच्या पदवीलाबी म्हैस व्यायला झालती म्हणून न्हाई गेलो. जाऊ दे तिला."

पदवीदान समारंभात आईशेजारची ती रिकामी खुर्ची मला फार लागली होती. गोठ्याच्या दारात उभी असताना तो सल कधी निघून गेला, कळलं नाही.

आईने पाडव्यालाच पाट मांडला. मी भावाला ओवाळलं. तो हात बांधून बसलेला. "ओवाळणी उद्या. आज बीज न्हाई," म्हणाला, आणि तरीही एमएटी गाडीवर बसवून फाट्यापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. पुंजके तळ धरून होते, कडेने वाढलेही होते. द्रव बदलून मी गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला. आबांना बोलावून आणायला वेळ लागला.

"जगल्या, आबा."

"चारा खाल्ला ना? मंग जगतेत."

आबा आता नाहीत. सुट्या केलेल्या पेशींनाही तगवणारं औषध आलं आहे. नवी मुलं त्या बिनधास्त सुट्या करतात. द्रव मात्र अजून बदलावा लागतो. दिवाळीची रजा मागायला कुणी आलं की मी विचारते, "दावणीला कोण?" आमच्या प्रयोगशाळेत आता हे सगळ्यांना कळतं.