बाजूची लहान अक्षरं

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

अब्बा इथेच आखातात, मुसफ्फाला सुतारकाम करतात. शाळा चौथीपर्यंत. सुट्टीला शारजाला माझ्याकडे येतात. मागच्या खेपेला त्यांना जुन्या जपानी पुस्तकांच्या प्रदर्शनाला नेलं. पुस्तकं लाकडी ठशांनी छापलेली, म्हणून अब्बा आधी ठशापाशीच थांबले. अख्खं पान एका फळीवर कोरलेलं.

"सगळं उलटं कोरलंय बघ, बाय. हात केवढा साफ असेल!"

पुढे काचेखाली राजदरबारातली एक प्राचीन कथा होती. अर्ध्या पानावर चित्र, अवघड अक्षरांच्या बाजूला उच्चार सांगणारी लहान अक्षरं. इंग्रजी पाटी मी ऐटीत समजावून सांगितली: आधी असे ग्रंथ हाताने लिहिलेले, थोड्या लोकांकडेच असायचे, छपाईमुळे ते दुकानदारांच्या, बायकांच्या हातात गेले.

"म्हणजे मोठ्या माणसांसाठीच चित्रं?"

"हो."

"आणि त्यांना कोण हसलं नाही?"

माझे कान तापले. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. अब्बा कोपऱ्यात बसून, ओळीखाली बोट धरून, मोठ्याने वाचत होते. एका संस्कृत नाटकाची सोप्या मराठीतली, चित्रांची गोष्ट. "अब्बा, ते पोरांचं पुस्तक आहे," म्हणून मी हसले. मैत्रिणीही हसल्या. पुढच्या खेपेला मी त्यांना मूळ श्लोक आणि टिपांसकट जाडजूड प्रत आणून दिली. विचारलं की म्हणायचे, "वाचतोय." त्यानंतर त्यांना वाचताना मी कधी पाहिलं नाही.

"ते पातळ पुस्तक आहे का गं अजून?" अब्बांनी काचेतून नजर न काढता विचारलं.

"शेजारच्या मुलीला दिलं. तिने रंगवलं."

"खलास." माझ्याकडे वळून म्हणाले, "मग शेवट तेवढा तू सांग. ती दोघं भेटतात का? माझं अर्धंच झालं होतं."

बी.ए.ला ते नाटक मला होतं. पेपर मी गाइडवर काढला. गाइडमध्ये प्रश्नोत्तरं होती, गोष्ट नव्हती. जाडी प्रत तर मी दुकानातून सरळ अब्बांच्या पिशवीत घातली होती, उघडलीही नव्हती.

"मला माहीत नाही, अब्बा," मी म्हणाले. "मीपण वाचलेलं नाही."

अब्बा हसले नाहीत.