चंदाचा रिलीव्हर

आमचा बुढा, म्हणजे पंजाबराव, सारी जिंदगी स्टील प्लांटच्या उंच क्रेनवर बसला. वरून खाली पाहाची सवय लागली ते रिटायर झाल्यावरही गेली नाई. पाटावर बसून मले शिकवते, कांता, भातात पाणी जास्त झालं. उंटावरून शेळ्या हाकाव्या तर यानंच.

पण खरं ते खरं, या माणसानं कधी सीट रिकामी सोडली नाई. क्रेनचा कायदाच तसा. तुमच्या जागी येणारा, रिलीव्हर म्हणते त्याले, तो शिडी चढून वर आला का मंगच तुमी उतराचं. नाई आला तर त्याचीही ड्यूटी तुमीच कराची. माया भावाच्या लग्नात हा माणूस शेवटची पंगत उठल्यावर पोचला. कावून, तर रिलीव्हर आला नाई. मी तोंड फुगवलं तर म्हणे, काम कोणाचं हाये हे पाहाचं नाई, थांबलं नाई पाह्यजे. याच अकलेनं पुढं घात केला.

चंदा आमची नात, आमच्या पोराची, गौरवची पोट्टी. जन्मताना तिच्या डोक्याले हवा कमी पडली, तवापासून डावा हात कोपरात दुमडलेला आन मूठ बंद. डॉक्टर त्याले सेरेब्रल पाल्सी म्हणते. आमच्या मोहल्ल्यातल्या, खुर्सीपारातल्या बाया काय म्हणत होत्या ते सांगत नाई, त्यायले मी नळावरच उत्तर देऊन टाकलं. पोट्टी चालते लंगडत, पण जीभ तिखट. घरात मराठी आयकते आन उत्तर हिंदीत देते.

थेरपी सेंटरातल्या ललिता मॅडम तिचा हात ताणून, चोळून मोकळा करत. घरी करासाठी त्यायनं टॅबमधे एक खेळ टाकून देला. कॅमेऱ्यासमोर डावा हात उचलला का पडद्यावरचा आंबा टोपलीत पडते. उजवा हात फ्रॉकच्या खिशात ठेवाचा, नाई तर सारं काम तोच करून टाकते, आमच्या बुढ्यासारखा. जमलं का खेळ आपल्या मनानं आंबे वर टांगते, आन किती जमलं ते मॅडमच्या मोबाईलवर दिसते. गौरव रसमड्याच्या कारखान्यात, सून नीतू शिलाईच्या दुकानात. म्हणून ही ड्यूटी बुढ्याकडे आली. त्याले नवी क्रेन भेटली.

आता बुढ्याचा डावा खांदा कैक दिवसांचा जाम. बनियान घालाले मी लागत होती. आन एक दिवस पाहते तर काय, बुढा वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढून राहिला, तेही डाव्या हातानं. मी इचारलं तर म्हणे, उमर उलटी चालून राहिली. मी म्हटलं चला, माया मागचं एक काम तरी कमी झालं.

इकडे चंदा टॅब पाहून रडाले लागली. म्हणे, आम बहुत ऊपर है. मॅडम मात्र फोनवर खूश, पोरगी लय पुढं गेली म्हणे. मंग आमी तिघं सेंटरात गेलो, तवा त्यायनं डोळ्यासमोर खेळ लावला. हात छातीपर्यंतही आला नाई. एकदा नाई, दोनदा नाई. मॅडमचं तोंड उतरलं. म्हणे, घरी होत होतं ते आता होत नाई, म्हणजे हात मागं चालला. आखडणं वाढलं असन. मोठ्या डॉक्टरले दाखवू, इंजेक्शनं द्या लागन कदाचित.

इंजेक्शन म्हटल्याबरोबर पोट्टी माया पदरात घुसली. मी बुढ्याकडे पाह्यलं. तो पंख्याकडे पाहून डोकं खाजवून राहिला होता. डाव्या हातानं.

मी म्हटलं, "मॅडम, इंजेक्शन यायले द्या. आंबे यायनं तोडले."

हात दाखवून अवलक्षण म्हणते ते हेच. बुढा खाली मान घालून बोलला, "पोट्टी थकली का टाइम बाकी राहे, जी. सीट रिकामी कशी ठेवाची? मी रिलीव्हर बसलो."

मॅडम रागावल्या नाई. मी जाम खांद्याचं सांगितलं, तशी पहिले त्यायनं तो खांदा फिरवून पाह्यला आन म्हणे, हा तर बरा झाला. मंग म्हणे, "काका, ती कुठं थकते तेच मले पाहाचं होतं. तुमी तेच झाकलं." इंजेक्शनाची गोष्ट तिथंच थांबली. खेळ परत खालच्या आंब्यापासून सुरू. आन काकानं खेळ होतपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसाचं.

ऑटोत मी बुढ्याले लय बोलली. लेकरू स्वतःले नालायक समजून राहिलं होतं तुमच्यापायी, म्हटलं. तो ऑटोवाल्याले रस्ता सांगत राहिला. घर आल्यावर एवढंच म्हणे, "कांता, तिले हरताना पाहवत नाई मले." मले राग होता तेवढंच रडू आलं.

मंग रोज तमाशा. आंबा गुडघ्याएवढा खाली, चंदाचा हात अर्ध्यावर अडकलेला, आन बाजूले बुढा हातावर बसून घामाघूम. काल सकाळी तसंच झालं. पोट्टी दात खाऊन जोर लावून राहिली होती, टाइम संपत आला होता. बुढ्याचा हात निघाला ना मांडीखालून, आन सरकला कॅमेऱ्याकडे.

चंदानं पाह्यलं. उजवा हात खिशात होता. तिनं डावा उचलला आन फाडकन त्याच्या मनगटावर हाणला.

"आजोबा, हाथ नीचे. मेरी ड्यूटी है."

बुढ्याचा हात कॅमेऱ्याच्या आडवा होता, म्हणून खेळाले काईच दिसलं नाई. आंबा तसाच लटकलेला. टॅब म्हणे, फिर से कोशिश करो. बुढ्यानं त्या टॅबले जी शिवी हासडली ते इथं सांगता येत नाई.

दुपारी सेंटरात गेलो तवापर्यंत मनगटाची लाली उतरली होती. तरी बुढा मनगट पुढं करून मॅडमले दाखवून राहिला, "इथं मारलं, मॅडम. डाव्या हातानं मारलं."