मडक्यातलं दही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मी कुणावर हात उचलला नाही, हे आधी सांगतो. पण त्याने काय होतं?

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. मद्रासच्या एका तमिळ वर्तमानपत्रात मी उपसंपादक होतो, राहायला अड्यारला. कन्नियम्मा आमच्या गल्लीत डोक्यावर मडकं घेऊन दही विकायची. त्याच सुमारास एका नव्या डेअरीने बाटलीतलं दही काढलं. त्यावर मला लिहायला सांगण्यात आलं — जाहिरातच, पण बातमीच्या वेषात. मी डेअरी पाहून आलो आणि लिहिलं: या दह्यात परदेशातून आणलेले जिवंत जंतू आहेत, ते आतडी निरोगी ठेवतात. खरं काय होतं? मी तिथे असतानाच कन्नियम्मा मागच्या दाराने विरजण देऊन गेली होती. बाटल्यांतलं दही तिच्याच विरजणाने लागत होतं.

मजकूर दोन ओळी कमी पडला. मी भर घातली — मडक्यातल्या दह्यात हगवणीचे जंतू असतात. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

ते छापून आलं त्याच आठवड्यात शेजारच्या गोपाळरावांची पाच वर्षांची मुलगी हगवणीने गेली.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी कन्नियम्मा गल्लीत शिरली. लोक वाटच पाहत होते. आधी मडकं फोडलं, मग त्याच्याच खापरीने तिचं कपाळ. ती पडल्यावर लाथा. गोपाळरावांनी घरातून वरवंटा आणला आणि तिच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. सांडलेल्या दह्यात रक्त पसरत होतं.

तिने मला पाहिलं.

"सामी, तुम्ही रोज माझंच दही खाता. सांगा ना यांना."

गोपाळराव वरवंटा उचलून थांबले. डोळे सुजलेले, आवाज अगदी हळू. "अण्णा, तुम्हीच लिहिलंत. खरं आहे ना ते?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. एक 'नाही' पुरे होतं. पण मग ते माझ्याकडे वळले असते — नाही का?

"छापलंय ते," मी म्हणालो.

वरवंटा खाली आला. तोंडावर. पुन्हा एकदा. ती वाचली, एक डोळा आणि उजवा हात गेला.

बातमी मीच लिहिली, चार ओळींची. शेवटची ओळ अशी होती: हल्ल्याचे कारण समजू शकले नाही.