अप्पांचा ठिपका

विसरायला लागल्यापासून माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, गळ्यात आम्ही मोबाइल अडकवला होता. त्यासाठी चांगली जाड कातडी पिशवी शिवून घेतली. अप्पा कुठे फिरतात ते माझ्या मोबाइलमधल्या नकाशावर दिसायचं. घरात कुणी काळजी करू लागलं की मी ऐटीत ठिपका दाखवायची.

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत, तेव्हा ठिपका नवी पेठेत होता. मी रिक्षाने गेले. फोन लावत होते, पण कुणी उचलत नव्हतं. कापडाच्या दुकानापुढे पोचले तर ठिपका सराफांकडे. तिथे धावले तर तो आणखी पुढे. गर्दीला, रिक्षांना, मनातल्या मनात अप्पांनाही शिव्या घातल्या. जरा थांबा की हो! मग ठिपका पुणे रस्त्याला लागला. कोण नेतंय त्यांना? कशाला?

भाड्याची जीप करून मोडनिंब गाठलं. ठिपका चहाच्या टपरीपाशी थांबला होता. तिथे एक फेटेवाला बसलेला, पिशवी त्याच्या मांडीवर. अप्पा नव्हते. मी त्याची गचांडी धरायचीच काय ती बाकी ठेवली.

“चोर न्हाय ओ ताई मी. तळ्यातल्या देवळाभाईर चपलांजवळ पडली हुती. कुनी न्हेईल म्हनून उचलली. वाजत हुता, पर मला उचलायला येईना की.”

चपलांजवळ! कातडं देवळात न्यायचं नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत. अप्पा सुनांची नावं विसरले, जेवल्याचं विसरले, एवढं मात्र विसरले नव्हते. आणि आम्ही शहाण्यांनी पिशवी शिवली ती कातडीच.

परतताना माझ्या हातात दोन मोबाइल होते. नकाशावर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटलेले, आणि एवढ्या मोठ्या शहरात अप्पा कुठेच दिसत नव्हते. देवळाभोवतीचं तळं डोळ्यांपुढे आलं आणि मी ड्रायव्हरसमोरच मोठ्याने रडले.

अप्पा देवळाबाहेर चपलांच्या ढिगापाशी बसले होते. उन्हाने चेहरा लाल झालेला, दोन्ही हातांनी स्वतःची छाती चाचपत होते. मी त्यांच्यापुढे बसले, हात धरला. “अप्पा, चला घरी.”

त्यांनी हात सोडवून घेतला.

“न्हाय बाई. माझी लेक मोबाइलात बघतीय मला. ती येईपर्यंत मी हितनं हलणार न्हाय.”